थोआताईचं कपाट

थोआताईविषयी सांगायचं म्हणजे आधी रागाचं सांगावं लागतं, आणि तो राग माझा आहे. तिला राग येतच नाही. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच विचारणार, "तुम्हाला लागलं नाही ना?" अशा बाईची मैत्रीण होणं म्हणजे डोक्याला कायमचा ताप. मी तो बरीच वर्षं सोसते आहे.

आम्ही दोघी व्हिएतनामातल्या, मेकाँगच्या मुखाकडच्या, शेजारशेजारच्या गावांतल्या. तिकडे चिखल आणि कोळंबी, इकडे तैवानात, चियायीच्या किनाऱ्यावर चिखल आणि कालवं. लग्न करून समुद्र ओलांडला, पायाचा चिखल काही सुटला नाही. मी घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून मला सगळे उत म्हणतात. उत म्हणजे शेंडेफळ. गावातल्या सरकारी लायब्ररीसमोर माझी न्याहारीची टपरी आहे. सोयाचं दूध, अंड्याची धिरडी, मुळ्याच्या वड्या. थोआताई कालवं सोलते. पत्र्याच्या शेडखाली बुटक्या स्टुलावर बसायचं, आखूड सुरी शिंपल्याच्या फटीत घालायची, मनगट फिरवायचं. तिच्या बोटांवर इतके चरे आहेत की सरकारी यंत्राला तिचा ठसा ओळखता येत नाही.

ती नवी सून म्हणून आली तेव्हा इथली कुठलीच भाषा तिला येत नव्हती. सुनांसाठी मंदारिनचे, म्हणजे इथल्या शाळा-सरकारच्या भाषेचे, फुकट वर्ग असतात, पण ते संध्याकाळी, आणि सासूनं विचारलं, "मग भात काय तो वर्ग शिजवणार?" वर्ग राहिला. शेडमध्ये मात्र दिवसभर म्हाताऱ्या बायकांची तैवानी, इथली जुनी घरची भाषा, कानावर पडायची. थोआ ती शिकली, शिव्यांसकट, किनाऱ्याकडच्या हेलासकट. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, ही इथल्याच कुठल्यातरी कोळ्याची लेक. मंदारिन ती पुढे शिकली, पोरीच्या शाळेच्या पुस्तकांवरून, आणि तिची मंदारिन अजून चौथीतच आहे.

पोरीचं शाळेतलं नाव पेइ-छेन. थोआ तिला मीत म्हणते. मीत म्हणजे फणस. आमच्याकडे पोरांना लाडानं फळांची नावं ठेवतात. पण मीतशी थोआनं बोलायचं कुठल्या भाषेत, याचा निकाल पोर पाळण्यात असतानाच लागला होता. निकाल दिला सासूनं. सासूला अख्खं गाव आमा म्हणतं, म्हणजे आजी, तर मीही आमाच म्हणते.

"त्या तुझ्या भाषेत पोरीशी बोलायचं नाही," आमानं बजावलं होतं. "जीभ गोंधळते पोरांची. शाळेत मागे पडेल. मग तू येणार आहेस मास्तरांच्या पाया पडायला?"

थोआ म्हणाली, "बरं, आई."

बरं, आई! मी असते तर भांडं आपटलं असतं. हिनं स्वतःच्या मुलीशी चौथीतल्या मंदारिनमध्ये संसार केला. मुलगी मोठी झाली तशी आईच्या चुका काढायला लागली. "आई, असं नाही म्हणत," असं दिवसातून इतक्यांदा म्हणायची की हळूहळू थोआ कमीच बोलायला लागली. तिकडे गावी थोआची आई थकली होती. फोनवर नातीचा चेहरा दिसायचा. आजी म्हणायची, "जेवलीस का गं?" नात हसायची. आजीही हसायची. मग दोघी आपापल्या बाजूनं फोनकडे बघत बसायच्या. फोन ठेवला की थोआ भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच.

अशात लायब्ररीत ते कपाट आलं. सरकारनं कुठूनसे पैसे दिले होते, परदेशी सुनांच्या मुलांसाठी. खिडकीजवळ एक कपाट, समोर फोमची चटई, वर कमानीवर सात भाषांत 'सुस्वागतम्'. त्यातले चार कप्पे आमच्या व्हिएतनामी पुस्तकांचे. मुलांची, चित्रांची, एका पानावर व्हिएतनामी आणि समोरच्या पानावर मंदारिन. मी दुधाची किटली गॅसवर ठेवून बघायला गेले होते. थोआ आधीच तिथे उभी. एका पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उत, इथे बोललेलं चालत असेल ना?"

"लायब्ररीत हळू बोलायचं असतं."

"तसं नाही गं. आपल्या भाषेत."

घरात बंदी होती, लायब्ररीत नव्हती. एवढंच तिच्या डोक्यात आलं. त्या शनिवारी दुपारी सोलायचं काम आटोपून, अंगाचा वास जावा म्हणून दोनदा आंघोळ करून, ती मीतला घेऊन त्या चटईवर बसली. आणि तिनं पोटच्या पोरीशी पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. पुरात वाहून गेलेल्या बदकाची गोष्ट होती. मीत मंदारिनचं पान बघत होती आणि आईच्या तोंडाकडे बघत होती. मला अजून आठवतंय, ती म्हणाली, "आई, तू एवढी भराभर बोलतेस?"

पुढे दर शनिवारी. आमाला सांगितलं होतं, अभ्यासाला जातो. खोटंही नव्हतं. मग शेडमधल्या आणखी बायका यायला लागल्या, आपापली पोरं घेऊन. कुणी जाहिरात केली नाही, कुणी फीत कापली नाही. चार-पाच आया, सात-आठ पोरं, मांडीवर पुस्तक. थोआ वाचायची तेव्हा आवाज बदलायची, बदकाचा वेगळा, म्हशीचा वेगळा, आणि पोरं लोळायची हसून. मीत हळूहळू उत्तरं द्यायला लागली. आधी एक शब्द, मग दोन. फोनवर आजीला तिनं एकदा विचारलं, "आजी, तुमच्याकडे पाऊस आहे का?" तिकडे म्हातारीनं फोन शेजारणीला नेऊन दाखवला म्हणे.

एवढं सुखाचं. आता पुढचं ऐका.

लायब्ररीचे जुने साहेब बदलून गेले आणि पेंग साहेब आले. राजधानीचे, तैपेईचे, तरुण, शर्टाची बाही नेहमी दुमडलेली. माणूस वाईट नाही. माणूस वाईट असता तर सोपं असतं. ते माझ्या टपरीवर येतात, धिरडं खातात, भांडं उचलून आत आणून देतात. पण त्यांना सगळ्या गोष्टींचा उत्साह आहे, आणि उत्साही माणसानं एकदा ठरवलं की ऐकायला त्याचे कान मोकळे नसतात.

वर्षातून एकदा बहुसांस्कृतिक दिन असतो. त्या दिवशी आमची आठवण होते. आम्ही आओ-झाय घालून उभं राहायचं, स्प्रिंग रोल गुंडाळायचे, सरपंचीणबाई एक खाणार, फोटो, टाळ्या. असाच तो दिवस जवळ आला आणि पेंग साहेब शनिवारी चटईपाशी आले. थोआ वाचत होती. ते वाकून, मोठ्यानं आणि सावकाश बोलले. आमच्याशी ते तसंच बोलतात, जणू आम्हाला ऐकू कमी येतं.

"ताई, यंदाही स्प्रिंग रोल करणार ना? मागच्या वर्षी फार छान झाले होते म्हणे!"

"करेन की," थोआ म्हणाली.

"आणि एक आनंदाची बातमी. हा कोपरा आपण नवा करतोय. इथे डिजिटल वाचनभिंत येणार. मोठा पडदा, बोट लावलं की गोष्ट चालू. हे कपाट मग जिल्ह्याच्या गोदामात जाईल."

थोआच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. तिनं त्यावर हात ठेवला. "पुस्तकं?"

"पुस्तकंही. ताई, ही कुणी वाचत नाही हो. आकडे बघितले मी. जवळजवळ शून्य."

हे ते कुणाला सांगत होते? समोर सात पोरं बसलेली, प्रत्येकाच्या हातात पुस्तक! मी ताटली पोचवायला आले होते, मला राहवलं नाही. "साहेब, मग ही पोरं काय हातात वीट धरून बसलीत का?"

ते हसले. "तसं नाही. मुलं येतात, छानच आहे. पण आकडा बोलतो ना."

थोआ काय म्हणाली असेल? म्हणाली, "तुम्हाला त्रास झाला असेल, साहेब, आकडे बघायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आकडा शून्य का, हे मी त्याच दिवशी वेंग काकांना विचारलं. काका तिथले जुने कारकून, कंबरेला पट्टा बांधून हिंडणारे. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, घरी नेलेली पुस्तकं मोजली जातात. आणि इथे बसून वाचलेली, ती त्या ढकलगाडीवर ठेवायची असतात. संध्याकाळी मी गाडीवरच्या पुस्तकांवरून यंत्र फिरवतो. टीक वाजलं की समजायचं, हे कुणीतरी वाचलं. तुमचं एकही पुस्तक मला कधी गाडीवर दिसलं नाही. मला वाटलं, ह्या बायका नुसत्या गप्पा मारतात."

ढकलगाडीवर पाटी होती: वाचून झालेली पुस्तकं इथे ठेवा, कपाटात परत लावू नका. स्वागत सात भाषांत आणि नियम एका भाषेत, हे आहेच. पण थोआला ती पाटी वाचता येत होती. मीतनं तर ती मोठ्यानं वाचूनही दाखवली होती.

"मग ठेवली का नाहीत?" मी विचारलं.

"अगं, ती पाटी पसारा करणाऱ्यांसाठी," थोआ म्हणाली. "आपण एवढी पुस्तकं काढायची आणि काकांनी ती परत लावायची? त्यांची कंबर दुखते. आम्ही लावतो ना आमची आम्ही. जाताना पुसूनसुद्धा ठेवतो."

पुसूनसुद्धा! पदरचा रुमाल आणून, पोरांच्या बोटांचे डाग पुसून, प्रत्येक पुस्तक जिथल्या तिथे, एका रेषेत. सगळ्या आयांना थोआनंच शिकवलं होतं. आपण दुसऱ्यांच्या घरात आहोत, आपल्यामुळे कुणाला वाकायला लागू नये. इथली माणसं पुस्तक अर्धं उघडं टाकून उठतात आणि त्यांची नोंद होते. आम्ही शहाण्यासारखं वागलो आणि आमचं नाव पुसून टाकलं, स्वतःच्या हातानं. ह्यावर हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही, मी ओरडले. "ताई, तुझ्या ह्या चांगुलपणाला काडी लाव!"

"हळू बोल, लायब्ररी आहे," ती म्हणाली.

वेंग काका मात्र भला माणूस. त्यांनी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, बहुसांस्कृतिक दिनापर्यंत बघू. आकडा वाढला तर वर बोलता येईल. म्हणजे जेमतेम महिना. नुसतं गाडीवर ठेवून भागण्यासारखं नव्हतं. पुस्तकं घरी न्यायला हवी होती, सगळ्यांनी, भरपूर.

आणि इथेच घोडं अडलं. कारण घरोघरी एकेक आमा. एकीचा दीर म्हणाला, पोरगं आधीच नापास होतंय, त्यात हे. दुसरीनं पुस्तकं तांदळाच्या डब्यात लपवली आणि सासूनं भात काढताना तिला बदक सापडलं. तिसरी रोज सकाळी माझ्या टपरीवर पुस्तकं ठेवायची आणि संध्याकाळी घेऊन जायची, म्हणजे कागदावर तिच्या घरी, प्रत्यक्षात माझ्या पिठाच्या पिंपावर. थोआ काय करणार, हा प्रश्न होता. तिच्यावर सगळ्या अवलंबून. तीच घरी नेणार नसेल तर बाकीच्यांनी कशाला शिव्या खायच्या?

"मी नेते," ती म्हणाली. "तू चल बरोबर."

आमा अंगणात कालवांच्या माळा सोडवत बसली होती. थोआच्या हातातला गठ्ठा बघून तिनं सुरी खाली ठेवली.

"हे काय?"

"पुस्तकं, आई. मीतसाठी. आमच्या भाषेतली."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" आमा उठली. "मी तुला काय सांगितलं होतं? सांगितलं होतं की नाही? म्हणजे इतके शनिवार तू तिथे हे धंदे करत होतीस? आणि तू गं उत, तू फूस लावलीस!"

"मीच लावली," मी म्हटलं. "हिला एकटीला सुचतं का काही?"

"तोंड आवर. शाळेत काय करतात ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे." एवढं बोलून आमानं गठ्ठा उचलला आणि फाटकाबाहेर, शिंपल्यांच्या ढिगाजवळ नेऊन ठेवला. फेकला नाही, ठेवला. पण ठेवला कुठे तर जिथे माश्या घोंगावतात. मीत पायरीवर बसून सगळं बघत होती. तिनं मंदारिनमध्ये विचारलं, "आई, आमा का ओरडतेय?" तिला कळत नव्हतं. आमाची तैवानी मीतला येत नाही. 'ये, जेव, झोप' एवढीच. आमाला मंदारिन येत नाही. ती बातम्यासुद्धा चित्रं बघून समजून घेते. एका घरात राहून दोघी फोनवरच्या आजी-नातीसारख्याच. काही बोलायचं असलं की मध्ये थोआ.

थोआनं पुस्तकं उचलली, झटकली, आत नेली. आमानं पुन्हा बाहेर ठेवली. तिनं पुन्हा आत नेली. कपाट जाणार आहे हे थोआनं तिला सांगून बघितलं, तरी महिनाभर त्या घरात हेच चाललं, आणि सांगते, 'बरं, आई' हे दोन शब्द थोआच्या तोंडून त्या महिन्यात एकदाही निघाले नाहीत. बाकीच्या बायकांनी ते बघितलं आणि त्याही न्यायला लागल्या. ढकलगाडी भरून वाहायला लागली. वेंग काकांचं यंत्र टीक-टीक करून थकलं.

बहुसांस्कृतिक दिनाच्या आधीचा शनिवार. त्याच दिवशी गावच्या देवळात देवाचा वाढदिवस, घरोघरी जेवणावळी. थोआ घाईत होती, पाहुणे यायचे होते, पण साहेब काय सांगतात ते ऐकायला मीतला घेऊन आलीच. मीही टपरीवर फळी ओढून गेले.

साहेबांनी कागद हातात धरला होता. चेहरा फुललेला. "ताई, कमाल केलीत! मुलांच्या विभागात तुमचं कपाट पहिलं आलं!"

थोआ लाजली. मी म्हटलं, "मग राहिलं कपाट."

"तेवढं मात्र..." साहेबांनी कागदाची घडी घातली. "वाचनभिंतीची ऑर्डर तर वर्षाच्या सुरुवातीलाच गेली होती. पैसे आलेले होते, खर्च दाखवावा लागतो. भिंत मंगळवारी येतेय. पण हा आकडा मी अहवालात नक्की घालणार!"

वर्षाच्या सुरुवातीला! म्हणजे महिनाभर आमच्या घरांत जी महाभारतं झाली ती कशासाठी? अहवालात घालायला? मी तोंड उघडलं, पण थोआनं माझा हात दाबला. तिनं साहेबांना सरळ विचारलं, "मग मी माझ्या मुलीशी कुठे बोलू?"

साहेबांना प्रश्न कळलाच नाही. त्यांना वाटलं, बाईला सल्ला हवाय. ते वाकले आणि मोठ्यानं, सावकाश, प्रेमानं म्हणाले, "ताई, तिच्या भल्यासाठी सांगतो. तुम्ही तिच्याशी मंदारिनच बोला. मंदारिन बोला."

"कोण म्हणतंय ते?"

दारात आमा उभी होती. डोक्यावर टोपी, हातात स्कूटरची किल्ली. पाहुणे आले तरी सून घरात नाही म्हणून तणतणत न्यायला आली होती. आमाला मंदारिन कळत नाही म्हटलं ना, पण हे एक वाक्य तिला कळलं. ती चालत आली आणि पेंग साहेबांच्या छातीशी उभी राहून तैवानीत जे सुटली ते थांबेचना. किनाऱ्याची तैवानी, दात पडलेल्या तोंडातून, पावसासारखी. साहेब मागे सरकत कपाटाला टेकले. दोन-चार शब्दांपलीकडे त्यांना काही कळेना.

"ताई," ते थोआला म्हणाले, "काय म्हणतायत आजी?"

मला वाटलं, आता ही म्हणणार, तुम्हाला त्रास दिल्याबद्दल माफी मागतायत. तिच्याकडून दुसरं काय अपेक्षित! थोआनं आमाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि आपल्या चौथीतल्या मंदारिनमध्ये सुरुवात केली.

"त्या म्हणतात, मुडद्या, हेच वाक्य होतं."

"मुड... काय?"

"तसंच म्हणाल्या त्या. त्या म्हणतात, हे वाक्य पाटीवर लिहून माझ्या गळ्यात अडकवलं होतं. शाळेत. 'मंदारिन बोला.' मी पहिलीत होते. मास्तरांना म्हटलं, मला लघवीला जायचंय. माझ्या भाषेत म्हटलं, दुसरी मला येतच नव्हती. तर पाटी घातली आणि भिंतीशी उभं केलं." थोआ थांबली. आमानं तिला कोपरानं ढोसलं. ती पुढे म्हणाली, "त्या म्हणतात, जाऊ दिलं नाही. तिथेच झाली. सगळ्या वर्गासमोर. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. परत कधीच गेले नाही."

साहेबांनी दुमडलेल्या बाह्या खाली ओढायला सुरुवात केली होती, कशासाठी कुणास ठाऊक.

आमा पुन्हा बोलली. थोआनं ऐकून घेतलं. "त्या म्हणतात, म्हणून मी हिला घरात तिची भाषा बोलू दिली नाही. नातीच्या गळ्यात पाटी नको म्हणून. आणि त्या म्हणतात... ही माझी सून अर्धवट आहे. घरात माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारी ही एकटीच आहे. मुलगा फोनात डोकं घालून, नात शाळेच्या भाषेची. ही परक्या देशातली, हिच्याशी बोलते मी. हिचं कपाट काढायचं असेल तर मला सांगा, ह्या इमारतीत माझं कपाट कुठे आहे?"

"आजींचं..." साहेब इकडेतिकडे बघायला लागले. तसं काही तिथे नव्हतं.

"आजींना सांगा," साहेब शेवटी म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते हळू बोलत होते, "मला फार वाईट वाटलं. मी वर कळवतो. पण भिंत मंगळवारी येतेय, ताई. ते माझ्या हातात नाही."

थोआनं तेही जसंच्या तसं आमाला सांगितलं. आमानं टोपी सारखी केली.

तेवढ्यात मीत उठली. नऊ वर्षांची पोर, पायात एकच मोजा. ती आजवर आमाचं ओरडणं रोज ऐकत आली होती, आणि आमा काय म्हणते ते तिनं आज पहिल्यांदा ऐकलं होतं. ती आमासमोर येऊन उभी राहिली. तिचा हात धरला. डोळे भरलेले.

"आमा," ती मंदारिनमध्ये म्हणाली, "मग तू घरी कशी गेलीस? कोणी न्यायला आलं होतं का तुला?"

आमानं नातीच्या तोंडाकडे बघितलं. मग ती थोआकडे वळली.

"काय म्हणतेय ही?"